भिंगवालीची खिडकी

नोटीस आली तेव्हा भिंगवाली एका करड्या विजारीच्या गुडघ्यात बुडालेली होती. रफूचं काम असंच असतं, आधी सुई कापडात शिरते आणि मग तिच्यामागून माणूस. समोरच्या केंद्रातून कागद घेऊन आलेल्या शिपायाला तिने मान वर न करताच सांगितलं, "ठेव तिथे, कात्रीखाली. नाहीतर उडून जाईल." उडून गेला असता तर बरं झालं असतं, असं तिला पुढे बऱ्याचदा वाटलं.

गुडघ्याचे आडवे धागे भरून झाल्यावर तिने तो कागद उचलला आणि गळ्यातलं भिंग डोळ्याला लावून वाचला. सदर घराच्या वरच्या मजल्यावरील उत्तरेकडील खिडकी सुरक्षेच्या कारणास्तव पंधरा दिवसांच्या आत विटा लावून कायमची बंद करण्यात यावी. पर्यायी व्यवस्था म्हणून दोन ट्यूबलाइट विनामूल्य पुरवण्यात येतील. खाली गोल शिक्का आणि सही. सही इतकी गुंतलेली, की तिच्या हाताला ती सोडवायचा मोह झाला.

"दोन!" ती रिकाम्या खोलीला म्हणाली. "केवढं हे मोठं मन!"

गल्लीत तिला सगळे भिंगवालीच म्हणत. काळ्या दोरीत ओवलेलं ते जाड भिंग चाळीस वर्षं तिच्या गळ्यात होतं, आणि खरं नाव तिला स्वतःलाही सही करतानाच आठवायचं. तिचे सासरे रफूगार होते. घर बांधताना त्यांनी आधी खिडकी ठरवली आणि मग तिच्याभोवती खोली उभी केली, असं दीर अजून चिडून सांगायचे. सासऱ्यांच्या दोन मुलांपैकी एकालाही सुई धरता आली नाही. ती आली थोरल्या सुनेच्या, म्हणजे भिंगवालीच्या हाती. नवरा गेला, सासरे गेले, पण खिडकी राहिली आणि तिच्या उजेडात घर चालत राहिलं.

आता खिडकीत एवढं काय आहे, असं ज्याला वाटेल त्याने कधी काळ्या कोटाला रफू करून पाहावं. ट्यूबलाइटखाली काळा आणि गर्द निळा सख्खे भाऊ दिसतात. खिडकीशी आणा, साधी ओळखसुद्धा निघत नाही. दक्षिणेचं ऊन धागा चमकवतं, पूर्व-पश्चिमेचं दिवसभर जागा बदलतं. उत्तरेचा उजेड मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका जागी बसून राहतो, घरातल्या समजूतदार माणसासारखा. त्या उजेडात भिंगवाली कपड्याच्या आतल्या शिवणीतून त्याचाच धागा उपसायची, एका इंचात उभे किती आणि आडवे किती ते मोजायची, वहीत लिहायची आणि भोक विणून काढायची. काम झालं की सासऱ्यांचा नियम होता. गिऱ्हाइकाला खिडकीत उभं करायचं, कपडा हातात द्यायचा आणि म्हणायचं, "शोधा." सापडलं तर काम फुकट. गेल्या अकरा वर्षांत कुणाला सापडलं नव्हतं.

आणि हे केंद्र! कानामागून आलं आणि तिखट झालं. खिडकीसमोर पूर्वी बंद पडलेल्या सूतगिरणीची जागा होती. तीन वर्षांपूर्वी सरकारने ती घेतली, उंच भिंत घातली आणि आत सैन्यासाठी नवनवी यंत्रं बनवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या आणून बसवल्या. एक उडणारी यंत्रं बनवायची, एक अंधारात पाहणारे कॅमेरे, आणि तिसरी काय बनवते ते तिच्या दारावरच्या पहारेकऱ्यालाही माहीत नव्हतं. शहर आधीच वाढत होतं, आता तर ते फुगायलाच लागलं. किराणावाल्याच्या जागी काचेचं कॉफीचं दुकान आलं. भाडी अशी चढली की जुने भाडेकरू शहराच्या पार टोकाला जाऊन राहिले. गळ्यात कार्ड लटकवलेली तरुण पोरं गल्लीतून घाईघाईने जायची आणि कुणी "काय काम करता?" विचारलं की गोड हसायची. प्रत्येक खांबावर कॅमेरा बसला. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असा सगळा कारभार.

गल्लीने तक्रार केली नाही. का करावी? पैसा येत होता. भिंगवालीकडेही केंद्रातले कपडे यायचे. कुणाचा ड्रायव्हर, कुणाचा शिपाई पिशवी आणून द्यायचा, आणि साहेब कोण ते सांगायचा नाही. तिलाही त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. फाटलेल्या कोटाला हुद्दा नसतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सुनेची नोकरी. मुलगा लांब पल्ल्याचे ट्रक चालवायचा, महिन्यातून दोनदा घरी यायचा. सून शिकलेली. चार वर्षं दारोदार अर्ज करून थकली होती. शेवटी केंद्राच्या दर्शनी टेबलावर तिला जागा मिळाली. येणाऱ्यांची नावं लिहायची, त्यांना कार्ड द्यायचं, हळू आवाजात "बसा" म्हणायचं. पहिल्या दिवशी ती गळ्यातलं कार्ड घालूनच झोपायला निघाली होती. सासूने हसून ते काढायला लावलं.

त्या संध्याकाळी सुनेने नोटीस वाचली आणि तिचा चेहरा उतरला. "आई, मग आता?"

"मग काय? कात्रीखाली ठेव परत."

"गंमत नाही आई. ते ऐकत नाहीत कुणाचं."

"मीही नाही ऐकत. जमेल आमचं."

दुसऱ्या दिवशी सुरक्षा अधिकारी स्वतः आले. गल्लीने त्यांचं नाव दुर्बीणसाहेब ठेवलं होतं, कारण पहिल्यांदा दिसले तेव्हा ते तिपाईवर दुर्बीण लावून घराघराच्या खिडक्या मोजत होते. माणूस वाईट नव्हता. इस्त्रीचा कपडा जसा स्वतःहून वाकत नाही, तसे ते होते. आले, खिडकीत उभे राहिले आणि बाहेर पाहून खोल श्वास घेतला. खाली भिंतीपलीकडे केंद्राचं मागचं अंगण उघडंवाघडं पडलं होतं. मधोमध पांढरा गोल आखलेला, आणि त्यात चार पंखांचं एक यंत्र.

"इथून सगळं दिसतं," ते म्हणाले.

"दिसतं ना. ते भुणभुणं उडतं आणि पडतं. पडतं जास्त."

दुर्बीणसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तुम्ही हे पाहता?"

"आवाज झाला की मान वर होते. परवा पडलं तेव्हा तर माझी सुई बोटात गेली."

"म्हणूनच खिडकी बंद करायची आहे."

"साहेब, खिडकी आधीची, तुम्ही नंतरचे. तुम्हाला लाज वाटते तर तुम्ही झाका. भिंत हातभर उंच करा."

दुर्बीणसाहेबांनी मग अगदी मनापासून समजावलं. भिंत उंच करायची तर वरून मंजुरी लागते, तिला दोन वर्षं जातात, तीन खात्यांच्या सह्या लागतात. खिडकीला एक गवंडी आणि एक दिवस पुरतो. भिंगवाली त्यांच्याकडे बघतच राहिली. एवढ्या प्रामाणिकपणे कुणी अन्याय समजावून सांगितलेला तिने पाहिला नव्हता.

"पण मी काम कुठे करू?"

"दोन ट्यूबलाइट..."

"त्या तुम्ही तुमच्या अंगणात लावा. रात्रीही पडतंय का ते दिसेल."

जाताना त्यांची नजर टेबलावरच्या वहीवर गेली. उघड्या पानावर ओळीने लिहिलं होतं, 'ता. ४. काळा. ४४-३८. डावं पोट. ता. ६. करडा, दोन. ३०-३०. गुडघा. ता. ९. हिरवा. ५२-४०. पाठ, मोठं.' दुर्बीणसाहेब थांबले. त्यांनी पान उलटलं, आणखी एक उलटलं. मग पावती लिहून दिली आणि वही घेऊन गेले. भिंगवालीला आधी कळलंच नाही, की या माणसाला आपल्या वहीचं काय करायचंय. रफू शिकायचं असेल, असंही क्षणभर तिला वाटलं.

खाली राहणाऱ्या दिरांना वास लागायला वेळ लागला नाही. त्यांनी स्वतःची मागची खिडकी मागच्याच महिन्यात बंद करून दिली होती आणि बदल्यात थंड हवेचं यंत्र घेतलं होतं. आता ते दिवसभर त्या गारव्यात शाल पांघरून बसायचे.

"वहिनी, हट्ट सोडा. त्यांच्याशी वाकडं घेऊन कुणाचं भलं झालंय?"

"भावजी, तुमच्या शालीला मागच्या आठवड्यात रफू मीच केलं ना? कुठल्या उजेडात केलं?"

दिरांनी शाल आणखी गुंडाळून घेतली.

नोटिशीला दहा दिवस झाले आणि केंद्रातून बोलावणं आलं. कसली चौकशी ते सांगितलं नाही, पण सुनेला आधीच बोलावून विचारलं होतं, सासूबाईंना कोण भेटायला येतं, त्या फोनवर कुणाशी बोलतात, त्यांचं अक्षर ओळखता का. सून घरी आली ती रडवेली होऊनच.

"आई, तुम्ही वहीत काय लिहिता? मला नीट सांगताच आलं नाही. सहा वर्षं या घरात राहते आणि मी कधी विचारलंच नाही."

"धागे लिहिते, दुसरं काय? कोण मेला विचारतोय?"

"ते म्हणतात, गाड्या लिहिता. चार तारखेला दोन काळ्या गाड्या आल्या होत्या."

भिंगवाली इतकी हसली की भिंग गळ्यात उड्या मारायला लागलं. सून हसली नाही. तिने सासूचा हात धरला. "आई, माझी नोकरी जाईल. चार वर्षं मी कशी काढली ते तुम्ही पाहिलंय. खिडकी बंद झाली तर तुमचे डोळे तरी विसावा घेतील. मी आहे ना कमावायला."

मग भिंगवालीचं हसू मावळलं. सुनेचं बोलणं खोटं नव्हतं. तिच्या अर्जांची ती चार वर्षं भिंगवालीने पाहिली होती. दर वेळी नकार आला की ही पोर आंघोळीला जाऊन नळ मोठा सोडायची. तिला दुखवावंसं वाटत नव्हतं. पण खरं बोलल्याशिवाय राहवलंही नाही. "तुझी नोकरी गेली तर मला फार वाईट वाटेल. पण खिडकी गेली तर मी या घरात नुसती भाकड म्हातारी उरेन. तू चांगली आहेस, मला सांभाळशील. मला सांभाळून घ्यायचं नाहीये."

चौकशीची खोली केंद्राच्या पार आत होती. तिला एकही खिडकी नव्हती. छतातून पांढराफेक उजेड पडत होता आणि त्यात सगळ्यांचे चेहरे आजारी दिसत होते. लांब टेबलाच्या टोकाला संचालक बसले होते. ऐसपैस माणूस, काळा कोट. बाजूला दुर्बीणसाहेब. कोपऱ्यातल्या खुर्चीत, अक्षर ओळखायला, तिची सून मान खाली घालून.

दुर्बीणसाहेबांनी वही उघडली. "चार तारीख. काळा. चव्वेचाळीस, अडतीस. डावं पोट. हे काय आहे?"

"कोट."

"कुणाचा?"

"ते मला काय माहीत? तुमचे लोक नाव कुठे सांगतात? एक ड्रायव्हर घेऊन आला. जळालेलं भोक होतं, सिगारेटचं, डाव्या खिशाच्या वर. एका इंचात उभे चव्वेचाळीस धागे, आडवे अडतीस."

टेबलाच्या टोकाशी संचालकांचा हात हळूच आपल्या डाव्या खिशाकडे गेला. भिंगवालीच्या नजरेतून धागा सुटत नसे, हात कसा सुटणार? ती उठली आणि कुणाची परवानगी न घेता सरळ त्यांच्यापाशी गेली.

"उभे राहा बघू."

संचालक उभे राहिले. का राहिले ते त्यांना नंतरही सांगता आलं नसतं. अशा आवाजात त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी काही सांगितलं नव्हतं.

"शोधा," ती दुर्बीणसाहेबांना म्हणाली.

दुर्बीणसाहेब वाकले. त्यांनी बोट फिरवलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. संचालकांनी मान मोडून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. सापडेना. भिंगवालीने गळ्यातलं भिंग काढून पुढे केलं, तरीही सापडेना. तेव्हा तिने स्वतः पाहिलं, आणि मग थोडी वरमून म्हणाली, "या उजेडात मलाही नाही दिसणार. बाहेर चला."

अशी ती वरात निघाली. पुढे ती, मागे संचालक, त्यांच्यामागे वही छातीशी धरलेले दुर्बीणसाहेब. मागच्या अंगणात, त्या पांढऱ्या गोलाच्या काठावर, आभाळाच्या उजेडात तिने कोटाचा तेवढा भाग ताणून धरला आणि नखाने एक चौकोन आखून दाखवला. नखाएवढाच. "इथून इथपर्यंत. चव्वेचाळीस आणि अडतीस. मोजून घ्या." दुर्बीणसाहेबांनी खरंच मोजले. ओठ हलवत मोजले, दोनदा मोजले, आणि वही मिटली.

संचालक मोठ्याने हसले. इतके हसले की यंत्राभोवतीची पोरंही हसायला लागली. "बाई, कमाल आहे तुमची! आमची आई सांगायची तसलं जुनं काम आहे हे. अहो, यांना चहा द्या." वही परत दिली, वर दिलगिरीही व्यक्त केली. आणि म्हणाले, "असे हात आम्हाला हवेत. उडणाऱ्या यंत्राचे पंख विणलेल्या कापडाचे असतात. धागा तुटला तर अख्खा पंख फेकावा लागतो. तुम्ही या आमच्याकडे. खोली देतो, पगार देतो, वर उत्तम दिवे."

भिंगवालीने चहा एका दमात संपवला. "आणि खिडकी?"

संचालकांनी दुर्बीणसाहेबांकडे पाहिलं. दुर्बीणसाहेबांनी जमिनीकडे. "खिडकीचा नियम वेगळा आहे," संचालक हसू न आवरता म्हणाले. "तो व्यक्तीवर नसतो. तुम्ही कोण आहात याचा त्याच्याशी संबंध नाही. शुक्रवारी गवंडी येईल."

चोर नाही हे ठरलं, तरी फाशी कायमच. भिंगवालीला इतका राग आला, की आधी तिला तो राग आहे हे कळेना. रिकामा कप तिने त्या पांढऱ्या गोलात नेऊन आपटला, तेव्हा तिला कळलं.

"साहेब," ती म्हणाली, "तुम्ही माझ्या वहीला घाबरलात तेव्हा मला हसू आलं होतं. आता नाही येत. पंखाला भोक पडलं तर तुमचे तुम्ही भरा. आणि शुक्रवारी गवंडी पाठवाच."

कोपऱ्यातून मागोमाग आलेली सून हे सगळं ऐकत उभी होती. संचालक जाता जाता तिच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "तू समजाव घरी. हुशार आहेस." आणि पुन्हा हसले.

शुक्रवारी सकाळी गवंडी आला. विटा वर चढवल्या, घमेल्यात सिमेंट कालवलं आणि खिडकीकडे वळला, तर खिडकीत भिंगवाली बसलेली. खोलीच्या बाजूला नाही, थेट चौकटीतच. पाठ एका बाजूला टेकलेली, एक पाय खोलीत, एक बाहेर केंद्राच्या अंगणावर लोंबकळलेला, मांडीवर हिरवा कोट, डोळ्याला भिंग.

"काकू, उतरा."

"कागदात काय लिहिलंय? खिडकी बंद कर. कर की. मी कुठे अडवतेय?"

गवंड्याने कागद पुन्हा वाचला. त्यात माणसाचा उल्लेख नव्हता. तो विटांवर बसून राहिला, दुपारी डबा खाल्ला आणि संध्याकाळी सिमेंट गोठून वाया गेलं म्हणून शिव्या घालत गेला. शनिवारी आला, रविवारी आला. भिंगवाली उजेड फुटायच्या आत खिडकीत चढायची आणि अंधार पडेपर्यंत उतरायची नाही. जेवण सून हातात आणून द्यायची, अवघडलेली, आणि खाली अंगणातून आपल्याला कुणी बघतंय का ते बघत. चौकटीची कड मांडीत रुतून काळीनिळी झाली. दीर खालून ओरडायचे, "वहिनी, या वयात पडाल!" तर ती वरून म्हणायची, "पडले तर त्यांच्या हद्दीत पडेन भावजी, नोटीस त्यांनाच येईल."

हसायचं म्हणून हसायची. रात्री कंबर धरून भिंतीच्या आधाराने अंथरुणापर्यंत जायची. रविवारी संध्याकाळी तर एक टाका चुकला. तिने तो उसवला, आणि उसवताना डोळ्यांत पाणी आलं. किती दिवस? हा प्रश्न तिलाही पडत होता. शरीर खिडकीएवढं जुनं होतं, आणि ती पडली तर पुढे अडवणारं कुणी नव्हतं. दुर्बीणसाहेबही तेच ओळखून होते. पोलिसांना त्यांनी विचारलं होतं, त्यांनी लेखी हुकूम मागितला, आणि लेखी हुकुमाला वरून मंजुरी लागते. तेव्हा त्यांनी वाट पाहायचं ठरवलं. गवंडी रोज पाठवायचा. म्हातारं माणूस कधीतरी जेवायला, कधीतरी आजारी म्हणून, एका दिवसासाठी तरी उतरणारच.

सोमवारी अकराच्या सुमाराला सून घरी आली. कामाच्या वेळी ती कधी येत नसे. गवंडी विटांवर बसलेला होता. खाली अंगणात दुर्बीणसाहेब आणि पाचसहा जण वर बघत उभे होते.

"पाठवलंय मला," ती म्हणाली. तिच्या हातात एक नवी कोरी वही होती. "तुम्हाला समजावून खाली उतरवायला. आणि ही दिलीय. तासातासाला लिहायचं, खिडकीत कोण बसतं, कोण भेटायला येतं, तुम्ही काय बोलता. रोज पाच वाजता टेबलावर ठेवायची. नाही जमलं तर उद्यापासून येऊ नकोस म्हणाले."

भिंगवालीने भिंग खाली सोडलं. तिला सुनेला दोष द्यायचा नव्हता. नोकरी पोटाची असते, आणि तिची तर मानाचीही होती. "लिही मग," ती मऊ आवाजात म्हणाली. "सून म्हणून नको, नोकर म्हणून लिही. मी वाईट वाटून घेणार नाही."

"लिहिलं. येतानाच लिहिलं."

सुनेने वही उघडून तिच्यापुढे धरली. पहिल्याच पानावर आजची तारीख, अकरा ते बारा, खिडकीत कोण, आणि त्यापुढे ठसठशीत अक्षरात सुनेचं स्वतःचं नाव. बारा ते एक, पुन्हा तेच. संध्याकाळी सहापर्यंत तेच.

"हे काय?"

"ते हसले ना आई, त्या दिवशी. चूक त्यांची, हसले तेच, आणि शिक्षा तरी तशीच. मला तेव्हाच बोलायचं होतं. तिथे हळू बोलायची सवय लागलीय, तोंडच उघडलं नाही." तिने वही मिटली आणि सासूला हात दिला. "उतरा आता. पाय बघा कसा सुजलाय. जेवण झाकून ठेवलंय, सावकाश जेवा आणि थोडं आडवं व्हा. तुम्ही उठाल तोवर मी बसते."

"अगं, वेडी आहेस का? ते बघतायत. गळ्यातलं कार्ड तरी काढून ठेव, लगेच ओळखतील."

"ओळखू देत," सून म्हणाली. उलटं झालेलं कार्ड तिने सरळ केलं, फोटोची बाजू बाहेर आणली, चौकटीवर चढली आणि एक पाय अंगणाकडे सोडून बसली. खाली कुणीतरी तिला हाक मारली. तिने ती ऐकली, आणि पाठ चौकटीला आणखी घट्ट टेकवली. गवंडी उठला, त्याने घमेलं उपडं केलं आणि विडी पेटवली.

भिंगवाली भिंतीला धरून सावकाश आत गेली. ताटावरचं झाकण काढलं, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच खिडकीकडे पाठ करून जेवायला बसली.